न चढवलेलं पान

शालूबाईनं पाचच्या ठोक्याला दवाखान्याचं दार ढकललं आणि पाच वाजून सहा मिनिटांनी पोलीस ठाण्यातला फोन वाजला.

"साहेब, मी केरबा बोलतोय, उचगावातनं. गिरणीवाला. आमच्या समोरच्या डॉक्टरीणबाईस्नी कुणीतरी मारलंय. लवकर या."

फोन फौजदार पिराजी खोतांनीच उचलला होता. कुठल्या डॉक्टरीणबाई, हे त्यांना विचारावं लागलं नाही. उचगावात व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टर एकच होत्या, मनाली कुरणे. त्याच दिवशी सहा वाजता पिराजी आपल्या बायकोला, बयाबाईला, त्यांच्याकडेच नेणार होते. वर्षापूर्वी बयाबाईचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता. मनालीनं आठ महिने खपून त्या हातात चहाचा कप धरायची ताकद परत आणली होती.

पिराजी लगेच जीपमध्ये बसले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि फोन. आतल्या खोलीत दोन खाटा, मानेला ताण द्यायचं यंत्र, भिंतीला लावलेली लोखंडी वजनं आणि खिडकीपाशी कॉम्प्युटरचं टेबल. मनाली त्या टेबलाच्या पायांशी पालथी पडली होती. डोक्यावर मागून घाव होता. बाजूला दोन किलोचं वजन पडलं होतं, स्वच्छ पुसलेलं. गळ्यातलं मंगळसूत्र जागेवर, पर्स जागेवर. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर निळ्या रंगाची नक्षी फिरत होती.

शालूबाई उंबऱ्यावर बसली होती. ती दवाखाना झाडायची, रुग्णांना शेक द्यायची. गेली सहा वर्षं.

"शेवटचं कधी बघितलं बाईंना?"

"एक वाजता गेलतो मी घरी. बाई इथंच डबा खात्यात. एक ते पाच बंद असतोय दवाखाना. त्या ह्या मशिनीवर बसत्यात. वेबसाईट करत हुत्या न्हवं का."

"कसली वेबसाईट?"

"दवाखान्याची. सोताच करत हुत्या. पुस्तक आणलंवतं जाडजूड. दोन म्हयन्यामागं माझं फोटू बी काढलं. असा पाय उचल, असा हात फिरव. मी म्हटलं बाई, माझं थोबाड कशाला? तर म्हणल्या, शालूबाई, तुला बघून खेड्यातल्या बायकांची भीड मोडंल." शालूबाईनं पदर तोंडात धरला.

केरबाची गिरणी रस्त्यापलीकडं होती. तो दुपारी एकला गिरणी बंद करून मागं झोपायचा आणि साडेतीनला पुन्हा उघडायचा.

"साडेतीननंतर कोण आलं गेलं?"

"एकच मानूस. रफिक. तो कॅफेवाला. पावणेपाचच्या सुमारास आला, दार वाजवलं, जरा थांबला आणि गेला."

"आत गेला?"

केरबा घुटमळला. "मी दळान घालीत हुतो साहेब. आत गेला का न्हाय, न्हाय सांगता यायचं."

---

रफिक बागवानचं इंटरनेट कॅफे गावाच्या तिठ्यावर होतं. पाच मशीन आणि एक पंखा. मनालीच्या वेबसाइटसाठी लागणारी जागा त्यानंच भाड्यानं मिळवून दिली होती. पोलीस आले तेव्हा तो रडत होता आणि ते काही जणांना संशयास्पद वाटलं.

"मी दार वाजवलं, बास. मॅडमचा प्रिंटर बिघडलावता, शाई बदलायला गेलतो. कुणी उघडलं न्हाय. परत आलो."

"त्या जिवंत असतील असं वाटलं तुला?"

"व्हय की! आत्ताच तर वेबसाईट नेटवर चढवलीवती त्यांनी." रफिकनं आपल्या मशीनवर एक यादी उघडली. पान चढलं की तिथं वेळ आपोआप पडत असे. सुरुवात चार वाजून चौदा मिनिटं. शेवट चार वाजून सव्वीस. "मला बी नवल वाटलं. रविवारी माझ्या हितनंच चढवायची ठरलीवती."

"चढवायला काय लागतं?"

"परवलीचा शब्द."

"तो कुणाला माहीत?"

"त्यांस्नी. आन मला."

हेच रफिकला भोवलं. शवविच्छेदनात मृत्यूची वेळ दुपारी दोन ते पाच एवढीच कळली, त्याहून नेमकी सांगता येईना. पण चार सव्वीसला मनालीनं वेबसाइट चढवली म्हणजे तेव्हा ती जिवंत होती. पाचला मेलेली सापडली. मधल्या चौतीस मिनिटांत दाराशी दिसलेला माणूस एकच. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी रफिकला आत घातलं. त्या रात्री कुणीतरी त्याच्या कॅफेच्या काचा फोडल्या.

"कशासाठी मारलं असेल त्यानं?" पिराजींनी साहेबांना विचारलं.

"ते तो सांगेलच," साहेब म्हणाले. "बाई तरुण होती, तास न् तास एकत्र बसायचे. गाव काय बोलतंय ऐकलं नाहीस?"

पिराजींनी ऐकलं होतं. म्हणूनच ते गप्प बसले नाहीत. त्यांनी चार दिवस मागून घेतले.

---

मनालीचा नवरा प्रसेनजीत मुरगूडच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. घरात पाहुण्यांची गर्दी होती. तो भिंतीला टेकून बसला होता, हातात एक कोरी वही.

"सर, गुरुवारी तुम्ही कुठं होता?"

"शाळेत. साडेपाचपर्यंत. ऑफिसातल्या सगळ्यांनी पाहिलंय. मी फोन केला होता तिला. दोनदा. आमच्या सासूबाई येणार होत्या, मला उशीर होणार होता. नुसती रिंग वाजत राहिली. तिनं उचलला नाही."

"किती वाजता?"

"शाळेच्या फोनवहीत लिहिलेलं असेल. चार-सव्वाचारला." त्यानं हातातली वही मिटली. "मला वाटलं, त्या वेबसाइटच्या नादात आहे. मी चिडलो होतो साहेब. शेवटचं म्हणजे मी तिच्यावर चिडलो होतो."

"वेबसाइटवरून भांडणं व्हायची?"

"व्हायची. रात्रंदिवस तेच. पण ती म्हणायची, लोक पन्नास मैलांवरून मान धरून येतात आणि मी त्यांना चार व्यायाम सांगते. ते घरबसल्या कळले तर? फुशारकीसाठी करत नव्हती ती."

"तिनं कुणाला दाखवली होती?"

"जानेवारीत रफिकला सीडी दिली होती. त्याच्या आधी, गेल्या गणपतीत, बेलेकर सरांना फ्लॉपी दिली होती, भाषा आणि औषधाचं तपासायला. सर तिचे गुरूच होते. अर्धे रुग्ण त्यांनीच पाठवलेले."

डॉक्टर जयवंत बेलेकरांना उचगावच काय, आसपासची दहा गावं देवमाणूस म्हणत. पस्तीस वर्षांचा दवाखाना. तापाचं पोर घेऊन आई आली की एक सुई, दोन पुड्या, आणि पोर दुसऱ्या दिवशी खेळायला. पिराजी गेले तेव्हा बाहेर वीसेक माणसं बाकांवर आणि जमिनीवर बसली होती.

"या, फौजदारसाहेब." बेलेकर थकलेले दिसत होते. "माझी लेक गेली असं समजा."

"शेवटचं कधी भेटलात, बोललात?"

"आठवडा झाला असेल."

"गुरुवारी?"

"गुरुवारी मी तीनला पाच कमी असतानाच इथं हजर होतो. हे सगळे साक्षीला आहेत. रात्री आठपर्यंत." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "चारच्या सुमारास आत पंधरा मिनिटं चहा घेतो, तेवढीच विश्रांती. डॉक्टरला मरायला सवड नसते."

आतल्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, त्यावर क्रोशाचं झाकण.

"तुम्हालाही येतं हे?"

"मुलगा अमेरिकेत. पत्रं येतात त्याची. मनालीनंच शिकवलं मला. तिच्याकडे तेव्हा कनेक्शन नव्हतं, तर तिनं पहिल्यांदा वेबसाइट इथूनच चढवून पाहिली होती. लहान मुलासारखी टाळ्या वाजवत होती. मग खोडून टाकली. म्हणाली, सर, सगळं नीट झाल्यावर." त्यांचे डोळे भरून आले.

कंपाउंडरनं चहा आणला. डॉक्टरांनी कप उचलला नाही. बशी टेबलावरच ठेवून वाकून घोट घेतला. उजवा हात त्यांनी मांडीवर डाव्या हाताखाली ठेवला होता. पिराजींनी ते पाहिलं. घरात वर्षभर आजारी हात सांभाळलेल्या माणसाला असं काही दिसल्यावाचून राहत नाही. पण वय झालेल्या माणसाचा हात म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

---

शनिवारी संध्याकाळी बयाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. उजवा हात मांडीवर होता. आज त्याला कुणी व्यायाम दिला नव्हता.

"त्या रफिकनं न्हाय केलं," ती एकदम म्हणाली. तिचं बोलणं अजून थोडं जड होतं.

"कशावरनं?"

"मला ठावं न्हाय कशावरनं. पण तुमास्नी आठवतंय का, मला न्यायला कधी यायचं ते इचारायला तुमी दवाखान्यात फोन लावायचा आन लागायचा न्हाय?"

"लागायचाच नाही. कायम एंगेज. त्या बाई इंटरनेट लावून बसायच्या, एकच लाईन…"

पिराजींचं वाक्य तिथंच थांबलं.

ते उठले. बूट घातले. बयाबाई विचारत होती, आता कुठं, पण ते अंगणात पोचले होते.

पण शाळेला कुलूप होतं. सोमवारी सकाळी मुरगूडकडच्या त्या हायस्कुलात कारकुनानं फोनवही उघडून दाखवली. गुरुवार. कुरणे सर, उचगाव. पहिला फोन चार वाजून सतरा मिनिटं. दुसरा चार बावीस.

"सर बोलताना तुम्ही जवळ होता?"

"बोललेच न्हाईत. नुसती रिंग. माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत हुती. दुसऱ्यांदा तर शेवटपर्यंत वाजली."

"एंगेज नव्हता? नक्की?"

"एंगेज असता तर टूं टूं वाजलं असतं की साहेब. रिंग आन एंगेज मला कळत न्हाय व्हय?"

पिराजी परत फिरले ते सरळ उचगावला. शालूबाईला बरोबर घेतलं आणि प्रसेनजीतला मनालीच्या दवाखान्यात बोलावलं. कॉम्प्युटर अजून सीलबंद होता. पंचांसमोर सील काढून प्रसेनजीतनं आधी इंटरनेटवरची वेबसाइट उघडली. हिरव्या पट्टीत नाव आलं. हळूहळू पानं उतरू लागली. कंबरदुखी. मानेचे व्यायाम. अर्धांगवायूनंतर. सात पानं.

शालूबाई पडद्याला नाक लावून बघत होती. सगळी पानं संपली.

"माझं फोटू कुठं हायत?"

"काय?"

"माझं फोटू, साहेब! पाय उचललेला, हात फिरवलेला, भिताडाला टेकून बसलेला. बाईंनी मला ह्याच मशिनीवर दावलंवतं. हे काय, नुसती चित्रं काढल्यात काड्यांची."

प्रसेनजीतनं मान हलवली. "खरंय. फोटो जानेवारीत घातले होते तिनं. हे जुनं दिसतंय."

पिराजींनी शेवटचं पान पुन्हा उघडायला सांगितलं. पत्ता, वेळ आणि खाली फोन नंबर. त्यांनी बाहेर जाऊन दवाखान्याच्या फोनवर चिकटवलेला नंबर वाचला. मग पडद्यावरचा. पडद्यावरच्या नंबरात सहा आकडे होते. दिवाळीनंतर साऱ्या कोल्हापुरात नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला, तेव्हापासून ते सात झाले होते.

"बाई आपला फोन नंबर चुकीचा घालतील?"

"शक्यच नाही," प्रसेनजीत म्हणाला. "तो तिनं दिवाळीनंतर लगेच बदलला. मी स्वतः बसून तपासला."

"आता ह्या मशीनवरची वेबसाइट उघडा. खरी."

त्यात फोटो होते. सात आकडी नंबर होता. आणि आठवं पान होतं.

ते गुरुवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी शेवटचं बदललेलं होतं. मथळा होता, 'सुई दिल्यानंतर मूल पाय ओढायला लागलं तर'. मजकूर साधा होता. कुल्ल्यावर सुई चुकीच्या जागी गेली की पायाची शीर दुखावते, पाऊल लोंबू लागतं. लगेच काय करावं. मूल हळूहळू बरं होऊ शकतं, पण वेळ घालवू नये. आणि शेवटी: 'गेल्या दोन वर्षांत एकाच परिसरातली अशी सात मुलं माझ्याकडे आली आहेत. सात हा योगायोग नाही.' डॉक्टरचं नाव कुठंही नव्हतं.

"मला हे कधी दाखवलं नाही तिनं," प्रसेनजीत पुटपुटला.

शालूबाईनं कपाळावर हात मारला. "लई बारकी पोरं यायली हुती साहेब. पाय ओढत. बाई त्यांस्नी बघून रडायच्या, दार लावून."

रुग्णांच्या कार्डांत त्या सात मुलांची नावं सापडली. पिराजी पहिल्या घरी गेले ते मेहमुदाच्या. तिची चार वर्षांची मुलगी दारात खेळत होती. एका पायात प्लास्टिकची पट्टी होती.

"ताप आलता," मेहमुदा म्हणाली. "सुई दिली. कडेवर घिऊन घरी येईस्तोवर पाय लोंबाय लागला. म्या म्हटलं झोपला आसंल पाय."

"सुई कुणी दिली?"

तिनं पदर सारखा केला. शेजारच्या दाराकडं बघितलं. "नाव घिऊ नगंस म्हणत्यात सगळी. देवमानूस हाय म्हणत्यात. माझ्या पोरीचंच नशीब."

बाकी सहा घरांतही तेच झालं. नाव मात्र सगळ्यांनी कानाशी येऊन सांगितलं.

---

मंगळवारी सकाळी अकराला पिराजी, ठाण्याचे मोठे साहेब आणि एक शिपाई बेलेकरांच्या दवाखान्यात शिरले. आत एक बाई ओंजळीएवढ्या पोराला मांडीवर पालथं धरून बसली होती. पोराची चड्डी खाली होती. बेलेकर सुई भरत होते आणि बाटलीचं तोंड त्यांना सापडत नव्हतं.

"सुई खाली ठेवा डॉक्टर," पिराजी म्हणाले. "बाई, पोराला घेऊन बाहेर जावा. गोळी घ्या तापाची. सुई नको."

बाई गोंधळून उठली. दार लागलं.

"हा काय प्रकार आहे?" बेलेकर मोठ्या साहेबांकडं बघत होते.

"तुम्ही बसा. मी सांगतो," पिराजी म्हणाले. "चुकलं तर अडवा."

बेलेकर बसले.

"गुरुवारी चार चौदा ते चार सव्वीस वेबसाइट चढत होती. आपण सगळ्यांनी धरून चाललं, दवाखान्यातनंच. पण त्या दवाखान्यात फोनची लाईन एक. इंटरनेट चालू असलं की बाहेरच्याला एंगेज लागतो. मी स्वतः तो एंगेज शंभरदा ऐकलाय. आणि चार सतराला, चार बावीसला त्यांच्या नवऱ्यानं फोन केला तेव्हा रिंग वाजत होती. म्हणजे लाईन मोकळी होती. म्हणजे वेबसाइट तिथनं चढलीच नाही. मग चार वाजता बाई जिवंत होत्या, याला पुरावा काय राहिला? काहीच नाही. त्या तीनच्या आधीही मेलेल्या असू शकतात. केरबा गिरणी बंद करून झोपलेला असताना."

मोठे साहेब दाराला टेकून ऐकत होते. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"आता, चढवली कुणी? जी चढली ती जुनी होती. तीत शालूबाईचे फोटो नव्हते, फोन नंबर सहा आकडी होता. रफिककडं जानेवारीची सीडी होती. तीत फोटोही आहेत आणि सात आकडी नंबरही. त्यानं चढवली असती तर ती चढली असती. नंबर बदलायच्या आधीची प्रत बाईंनी एकाच माणसाला दिली होती. गेल्या गणपतीत. फ्लॉपीवर."

बेलेकरांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"परवलीचा शब्द रफिकला आणि बाईंना माहीत होता, हे खरं. पण पहिल्यांदा वेबसाइट चढली ती तुमच्या मशीनवरनं. शब्द त्यात साठून राहिला. तुम्हाला तो आठवायचीही गरज नव्हती. पान चढलं की वेळ पडते, हेही बाईंनीच तुम्हाला हौसेनं दाखवलं असणार. तुम्ही चार वाजता चहाला आत गेला. कंपाउंडर म्हणतो, त्या दिवशी अर्धा तास लागला."

"हा सगळा तर्क आहे," बेलेकर म्हणाले. आवाज डॉक्टरचाच होता, शांत.

"तर्क होता. काल संध्याकाळपर्यंत." पिराजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "टेलिफोन एक्स्चेंजचा उतारा. बाईंच्या लाईनीवरनं गुरुवारी इंटरनेटला एकदाही फोन गेला नाही. तुमच्या लाईनीवरनं गेला. चार वाजून अकरा मिनिटांनी. आणि दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी बाईंच्या दवाखान्यातनं एकच फोन गेलाय. तुमच्या घरी. तुम्ही म्हणाला, आठवडाभर बोलणंच नाही."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"मी त्या सातही घरी जाऊन आलो," पिराजी म्हणाले. "सातही पोरांना सुई इथंच दिली गेली. या खोलीत. बाईंनी तुमचं नाव लिहिलं नव्हतं हो. कुठंही."

बेलेकरांनी डावा हात काढून घेतला. मोकळा सुटलेला उजवा हात टेबलावर थरथरू लागला, बोटं काचेवर टकटक वाजू लागली. ते त्याच्याकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"दोन वर्षं झाली याला," ते म्हणाले. "कुणाला कळलं नव्हतं. तिला कळलं. वर्षभरापूर्वीच म्हणाली होती, सर, सुया बंद करा, गोळ्या द्या. मी हो म्हणालो. पण लोक ऐकत नाहीत साहेब. सुई दिली नाही तर म्हणतात, डॉक्टर म्हातारा झाला."

"म्हणून देत राहिलात?"

"गुरुवारी तिनं बोलावलं. पान मशीनवर उघडून दाखवलं. म्हणाली, रविवारी चढवणार, त्याआधी तुम्ही वाचा. मी म्हटलं, पोरी, नाव नसलं तरी दहा गावांना कळेल. तर ती म्हणाली, सर, हात पुढं करा. सरळ धरून दाखवा. पस्तीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. ती वळून खुर्चीत बसली, पान पुन्हा उघडायला. वजन भिंतीलाच होतं."

"ते वजन उचलताना हात थरथरला नाही?" मोठ्या साहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

बेलेकरांनी उजवा हात पुन्हा डाव्याखाली ओढून घेतला.

त्यांना जीपमध्ये बसवताना बाहेरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हातारीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. कुणीतरी पिराजींच्या दिशेनं थुंकलं.

---

रफिक दुसऱ्या दिवशी सुटला. कॅफेच्या फुटक्या काचा गोळा करून त्यानं पोत्यात भरल्या आणि आठवडाभर दुकान उघडलं नाही. गावात कुणी त्याची माफी मागितली नाही. उलट कितीतरी दिवस पारावर चर्चा होती की पोलिसांनी डॉक्टरांना गोवलं.

प्रसेनजीत एका सकाळी त्याच्या घरी गेला. सोबत मनालीची डिस्क होती.

"आठही पानं चढव," तो म्हणाला.

"सर, लोक आधीच पेटल्यात. तुमास्नी त्रास हुईल."

"चढव."

रफिकनं चढवली. पण ज्यांनी ते पान वाचायला हवं होतं, त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. म्हणून प्रसेनजीतनं आठव्या पानाच्या हजार प्रती छापल्या, खाली 'असं मूल असेल तर पोलीस ठाण्यात कळवा' अशी ओळ घालून. तो आणि शालूबाई रविवारी, सुट्टीच्या दिवशी, गावोगाव फिरले. चावडीवर, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीच्या भिंतीवर, एसटीच्या शेडमध्ये चिकटवलं. काही ठिकाणी ते फाडलं गेलं. शालूबाईनं पुन्हा चिकटवलं. केरबानं आपल्या गिरणीच्या दारावर स्वतः लावून घेतलं आणि त्याखाली उभं राहून वाचता न येणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं.

पहिली आई पंधरवड्यानं ठाण्यात आली. पावणेतीन वर्षांचा मुलगा कडेवर होता. तिनं टेबलासमोर उभं राहून पिराजींना विचारलं, "ते पाय ओढायचं इथंच सांगायचं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. त्यांतल्या एकीची मुलगी आता नऊ वर्षांची होती; दोन वर्षांची असताना बेलेकरांनी सुई दिली, तेव्हापासून तिला कधी पाय सरळ टाकता आलेला नव्हता. हात थरथरायला लागून दोनच वर्षं झाली, असं बेलेकर म्हणाले होते.

पिराजींनी रजिस्टर उघडून ठेवलं. जूनपर्यंत त्यात एकोणतीस नावं झाली.